पाच फोटो, एकच मेल

कवळीकाकूंच्या स्वतःच्या तोंडात कवळी नाही. सगळे दात जागच्या जागी आहेत आणि मोठ्याने हसून ते दाखवायचा त्यांना सोसही आहे. नाव पडलं ते कामावरून. दात बसवणारा डॉक्टर वेगळा आणि दात घडवणारा माणूस वेगळा, हे चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही ठाऊक नसतं. आपण खुर्चीत आ करून बसतो, डॉक्टर तोंडात गुलाबी लगदा कोंबून माप घेतात, आठवड्याभराने एका डबीतून दात निघतो आणि तो आपल्या तोंडात बसतो. आपल्याला वाटतं, दुकानात आठ नंबरचा बूट मिळतो तसा आठ नंबरचा दातही मिळत असेल. मिळत नाही. कुठेतरी कोणीतरी मान मोडून तो केलेला असतो.

काकूंची मान मोडायची जागा म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाला तळमजल्यावरची एक खोली. खिडकी उत्तरेची, म्हणजे ऊन कधीच आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा. खिडकीला लागून टेबल, टेबलावर काचेचा तुकडा, त्यावर चिनी मातीची पूड पाण्यात कालवलेली. बारीक ब्रशने त्या ओल्या पुडीचे थर द्यायचे, मिक्सरपेक्षा जराशी मोठी अशी एक भट्टी आहे तिच्यात भाजायचे, घासायचे, पुन्हा थर द्यायचे. मागच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले. नवखा माणूस आत आला की आधी दचकतो, मग हसतो. काका, म्हणजे काकूंचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले, पाहुण्यांना सांगतात, "एवढी तोंडं आहेत घरात, पण बोलतं एकच."

सगळ्यात अवघड काम कोणतं विचाराल तर समोरचा एकच दात. आख्खी कवळी करायची तर आपण राजे, द्यावा तो रंग. एकच दात करायचा तर मर्जी शेजाऱ्यांची. शेजारचे दात जरा पिवळे, टोकाला निळसर, मध्येच एखादी पुसट रेघ, हे सगळं नव्या दातात उतरलं नाही तर माणूस हसला की जग तेवढ्याच दाताकडे बघतं. या कामात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट मनात ठेवायचा त्यांचा स्वभाव नाही. "ज्या दिवशी माझा समोरचा दात रंगात चुकेल त्या दिवशी मी ब्रश खाली ठेवीन," असं त्या चारचौघांत सांगत. दात चुकत नसतो तोवर असं बोलायला काही लागत नाही.

पेशंट काही काकूंकडे येत नाही. रंग कळायचा तो फोटोवरून. डॉक्टर दाताशेजारी रंगाच्या नमुन्याची पट्टी धरतात आणि फोटो काढून पाठवतात. इथे काकूंचे नियम सुरू होतात. फोनवरच्या मेसेजमधून आलेला फोटो चालायचा नाही, कारण तो वाटेत चेपला जातो. चेहरे तेच राहतात, पण दाताच्या टोकाची निळी झाक आणि ती पुसट रेघ कुठल्या कुठे जाते. फोटो ईमेलनेच हवा, कॅमेऱ्यातून निघाला तसा, नंतर लहान न केलेला. पाच फोटो, आणि पाचही एकाच मेलमध्ये. मागे एका डॉक्टरने दोन पेशंटचे फोटो सुटेसुटे पाठवले होते, त्यात गफलत होऊन एका कॉलेजच्या पोरीला एका आजोबांच्या रंगाचा दात गेला. तेव्हापासून एक माणूस, एक मेल. आणि लिंक नको. शेजारच्या बाईंनी कसलीशी लिंक दाबली आणि त्यांच्या नावाने सगळ्या सासरच्यांना चष्म्याच्या जाहिराती गेल्या, हे काकूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

हे नियम सगळ्यात इमानाने पाळायची ती काकूंची भाची. थोरल्या बहिणीची मुलगी, दातांची डॉक्टर, चार तासांच्या अंतरावर तिचा दवाखाना. काकूंचं बघून बघूनच पोरगी दातांच्या नादी लागली. समोरचा दात असला की तो मावशीकडेच, मग आजूबाजूला दहा लॅब असोत.

तिच्याकडून एका माणसाच्या पुढच्या दाताचं काम आलं. माणूस गाद्यांच्या दुकानात विक्रीला उभा राहणारा. मेल आला, पाच फोटो, एका मेलमध्ये. काकूंनी उघडून बघितले. दात चांगलेच पांढरे दिसत होते, जरा खडूसारखे. त्यांनी फोन केला.

"अगं, हा माणूस खडू खातो काय? एवढे पांढरे?"

"फोटोत आहेत तसेच आहेत, मावशी. माझ्यासमोर एकजण आ करून बसलाय, ठेवू?"

फोटोत आहेत तसे, म्हटल्यावर विषय संपला. काकूंनी तो खडूपणा उतरवायला जिवाचं रान केलं. एकदा भाजला, पटला नाही. पुन्हा थर दिला. शेवटी दात आणि फोटो शेजारी धरून काकांना म्हणाल्या, "बघा. आहे काही फरक?" काकांना पांढरं म्हणजे कागद आणि पिवळं म्हणजे बटाटा एवढंच कळतं. ते म्हणाले, "झकास." दात कुरियरने गेला.

मग भाचीचा फोन आला.

"मावशी, बसली आहेस ना?"

"उभी आहे. बोल."

"दात पांढरा आलाय."

"जरासा?"

"जरासा असता तर फोन केला असता का गं? तोंडात दिवा लावल्यासारखा दिसतोय."

बसवलेल्या दाताचा फोटोही तिने पाठवला. काकूंनी तो बघितला आणि त्या खरंच खाली बसल्या. जुन्या फरशीत एकच नवी लादी बसवावी तसा तो दात. शेजारचे दात साधे, चारचौघांसारखे, किंचित पिवळट. या दातांना खडू म्हणणारी आपण कोण?

भाची चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, काकूंनी दोन शब्द ऐकवले असते. ती हळूच म्हणाली, "होतं गं. तुझे डोळे तपासलेस का अलीकडे?"

काकू दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने दिवा मारून बघितलं आणि सांगितलं की मोतीबिंदूची सुरुवात आहे, आत्ता ऑपरेशनचं काही नाही, सहा महिन्यांनी या. काकूंनी विचारलं, "रंग चुकीचे दिसतात का यात?" तो म्हणाला, "थोडे पिवळसर दिसू शकतात." बस. आणखी काही ऐकायची काकूंना गरज वाटली नाही. आपल्याला जग पिवळं दिसतं, म्हणून आपण हात सैल सोडून दात पांढरा केला. फोटोही त्याच डोळ्यांनी पाहिला आणि दातही त्याच डोळ्यांनी, मग दोन्ही सारखेच पिवळे दिसायला हवे होते, हा साधा हिशेब त्यांच्यासारख्या बाईला सुचायला हवा होता. सुचला नाही. माणूस स्वतःवर रागावला की त्याला वकील नको असतो.

काकांनी आपल्या परीने परीक्षा घेतली. काळे आणि गडद निळे मोजे एकत्र कालवून काकूंपुढे टाकले. "लाव जोड्या." काकूंनी न बघता लावल्यासारख्या लावल्या.

"बघ! सगळ्या बरोबर! डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"मोजे कोणी तोंडात घालत नाही," काकू म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी एका तरुण लॅबवाल्याला फोन केला. त्याचा या भट्टीवर कधीचा डोळा होता. रविवारी येऊन घेऊन जा, म्हणाल्या. काका खुर्चीतून उठलेच.

"एका दातापायी दुकान बंद? अगं, काहीतरी काय!"

"मी म्हटलं होतं, चुकला की बंद."

"म्हणायला काय जातं? माझ्याशी लग्न केलं ते चुकलंच, असंही तू म्हणतेस."

"तेही खरंच आहे. ते बंद करायला उशीर झाला, एवढंच."

काकांना हसू आलं, पण काकू हसल्या नाहीत. काकूंनी ब्रश धुऊन, टोकं चिमटीत सरळ करून डब्यात उभे केले. प्लास्टरच्या जबड्यांवरची धूळ पुसली. कोणाला देणार होत्या ते जबडे, कोण जाणे. हातातली इतर डॉक्टरांची कामं त्यांनी पुरी करून पाठवली, ती सगळी दाढांची होती. दाढेचा रंग कोण बघतंय?

भाचीने तेवढ्यात दुसरं टुमणं लावलं. "मावशी, पेशंटलाच पाठवते. समोर बसवून बघ. थर खरवडून नवा दे."

"नको. दुसऱ्या लॅबला दे. मी सोडलंय काम."

"त्याची सासुरवाडी तुझ्याच गावात आहे, तो तसाही येतोय. नुसतं बघ तरी."

"बघण्याचंच तर कठीण झालंय," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तरी शनिवारी सकाळी तो आलाच. उंचापुरा, गोल पोटाचा, आणि तोंडावर हात. मग त्याने हात काढला. दात फोटोत दिसला होता त्याहून वाईट दिसत होता.

"काकू, दुकानात गिऱ्हाईक गादी बघायची सोडून माझा दात बघतं हो," तो म्हणाला. "परवा एक बाई म्हणाल्या, गादी नको, पण हा दात कुठे केलात तेवढं सांगा, म्हणजे तिथे जायला नको."

"मग आलात कशाला? मी काम बंद केलंय."

"डॉक्टरबाई म्हणाल्या, मावशी नाही म्हणेल, तरी तुम्ही बसा."

आणि तो बसला. काकांनी पुढे केलेल्या खुर्चीत नीट टेकून बसला. काका त्याच्यासाठी पाणी आणायला गेले. काकूंनी विचारायचं म्हणून विचारलं, "मोडला कसा दात?"

"बाथरूममध्ये पडलो."

काकूंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं.

"बाटलीचं बूच काढत होतो," तो म्हणाला. "दाताने. बायकोला पडलो असंच सांगितलंय. पण काकू, दात मोडला त्याचं दुःख नाही तेवढं, त्या फोटोंचं आहे. काय हाल केले माझे! गाल ओढून धरायचे ते प्लास्टिकचे आकडे घातले तोंडात, तोंड हे असं, बेडकासारखं. फोटो काढले, पाच. डॉक्टरबाई कॉम्प्युटरवर बसल्या, तो गोल फिरतोय, फिरतोय. मग म्हणाल्या, फाइल मोठी झाली, मेल परत आला. म्हणाल्या, हलू नका, आकडे राहू देत, परत काढते. परत काढले. परत गोल. परत मेल परत! मला बोलताही येईना, आता आकडे घालून काय बोलणार? नुसता हातवारे करतोय. तिसऱ्यांदा काढले तेव्हा कुठे गेले. तोवर जीभ चामड्यासारखी झाली होती. आकडे काढले तर ओठ दातांना चिकटून बसले, सुटेनात."

काकू उभ्या राहिल्या.

"काय म्हणालात?"

"बेडकासारखं..."

"ते नाही. शेवटचं."

"ओठ चिकटले. कोरडे पडले होते ना."

काकूंनी फोन उचलला. भाचीने घेतला, आणि मागे कोणाचा तरी दात कोरायचा आवाज येत होता.

"मला आले ते फोटो कितव्या खेपेचे?"

"कोणाचे? गादीवाल्यांचे? शेवटच्या. का?"

"गधडे, दात वाळले होते!"

कोरायचा आवाज थांबला. मग तिकडून फक्त "अगं आई गं" एवढंच आलं.

नदीतला दगड ओला असताना गडद दिसतो आणि काठावर वाळला की फिका पडतो, तसंच दाताचं. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात वाळतात आणि पांढरे, खडूसारखे दिसतात. पुन्हा पहिल्या रंगावर यायला त्यांना पुष्कळ वेळ लागतो. म्हणून रंगाचा फोटो पेशंट आल्याआल्या काढायचा, ही या कामातली बाराखडी. मावशीला ती पाठ, भाचीला पाठ. मावशी धरून चालली की फोटो आल्याआल्याचा असणार. भाचीने पहिला खरंच आल्याआल्या काढला होता, पुढे मेलच्या मागे लागून बाराखडी विसरली.

"पण परत काढलेसच का? होते ते लहान करून पाठवायचे," काकू कडाडल्या.

आता भाचीची पाळी होती. "लहान करून? तू म्हणतेस ना, नंतर लहान केलेला चालणार नाही, कॅमेऱ्यातून निघाला तसाच हवा? म्हणून मी कॅमेऱ्यालाच सांगितलं, लहान काढ. निघाला तसाच पाठवला. तुझा नियम मोडला नाही मी!"

"मग एकेक पाठवायचा."

"पाचही एकाच मेलमध्ये! कोणाचा नियम?"

"मग..."

"हां, मग लिंक. पाठवली असती तर उघडली असतीस?"

काकूंनी गादीवाल्याकडे बघितलं. तो एवढ्या उत्सुकतेने ऐकत होता की तोंडावर हात ठेवायचंही विसरला होता. पाणी घेऊन आलेले काका दारातच उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं त्याबद्दल त्यांना नंतर बोलणी बसली.

"पहिल्या खेपेचे आहेत का अजून?" काकूंनी जरा खालच्या पट्टीत विचारलं.

"कॅमेऱ्यात आहेत. पण तेच तर जात नव्हते. लिंकनेच येतील."

"पाठव."

लिंक आली. काकूंनी ती दाबली, एवढ्या जोराने की टेबल हललं. कोणालाही चष्म्याची जाहिरात गेली नाही. फोटो उतरायला वेळ लागला, मग एकेक उघडला, पडदाभर. ओले, चकचकीत, किंचित पिवळट दात, टोकाला निळसर, डावीकडच्या दातावर एक आडवी पुसट रेघ. काकूंनी आधीच्या मेलमधला फोटो शेजारी लावला. माणूस तोच, दात तेच, रंग दुसराच.

काका म्हणाले, "झालं तर मग! डोळे शाबूत आहेत."

"असं कुठे ठरलं?" काकू म्हणाल्या. "दात वाळले होते हे एक. माझा डोळाही गेला असेल, हे दोन. एक खरं निघालं म्हणून दुसरं खोटं होत नाही."

हे मात्र बरोबर होतं, आणि ते ठरवायला एकच रस्ता होता. काकूंनी डब्यातले ब्रश बाहेर काढले. गादीवाल्याचा दात तात्पुरत्या लेपाने चिकटवलेला होता, तो त्याने स्वतःच हलवून काढून दिला. काकूंनी वरचा पांढरा थर घासून टाकला आणि गादीवाल्याला खिडकीशी बसवलं.

"तोंड मिटा. जीभ फिरवा दातांवर. आता उघडा. मिटा."

"काकू, मी काय म्हणतो..."

"मिटा म्हटलं ना."

मिटलेलं तोंड हीच त्या माणसाला खरी शिक्षा होती. काकू त्याच्याकडे बघत, दोन थर देत, भट्टीत ठेवत. भट्टी चालू असेल तेवढ्यात त्याला बोलायची मुभा, आणि तेवढ्यात तो काकांना कापसाची गादी पाठीला कशी चांगली हे पटवून देई. दुपार टळेपर्यंत काका एक गादी घ्यायच्या बेताला आले होते. तिसऱ्यांदा भाजून दात निघाला. काकूंनी तो निवू दिला, घासला, पाण्यात बुडवला आणि त्याच्या तोंडात बसवला. लांबून बघितलं, जवळून बघितलं.

"कसा आहे?" गादीवाला आरशासाठी इकडेतिकडे बघत होता.

"मला बरोबर दिसतोय. पण माझ्या दिसण्याचाच तर प्रश्न आहे. आणि यांना विचारून उपयोग नाही."

"मग मेहुणीला विचारतो," तो म्हणाला. "पांढरा दात बघून सगळ्यात जास्त तीच हसली होती. व्हिडिओ कॉलवर हो, घरभर फिरवून दाखवला माझा दात. ती काही मुलाहिजा ठेवायची नाही."

"तिला काय झालं ते सांगू नका. नुसतं विचारा, कुठला खोटा."

तो गेला. काकू रात्री नीट जेवल्या नाहीत.

रविवारी सकाळी फोन वाजला. काकूंनी तो काकांना घेऊ दिला नाही.

"काकू, तिने बराच वेळ बघितलं. खिडकीत नेऊन बघितलं," गादीवाला म्हणत होता. "मग बोट ठेवलं."

"कुठे?"

"शेजारच्यावर! माझ्या खऱ्या दातावर! म्हणते, हाच तो खोटा, याच्यावर रेघ आहे."

मागून बायकांचा हसण्याचा गलका ऐकू आला. काकू म्हणाल्या, "दात परत घट्ट बसवून घ्या डॉक्टरकडे. आणि बाटल्या उघडायला ओपनर घ्या." मग त्यांनी फोन ठेवला.

तेवढ्यात खाली टेम्पो थांबला. तरुण लॅबवाला दोरी आणि जुन्या गोधड्या घेऊन वर, म्हणजे दोन पायऱ्या चढून, दारात आला.

"काकू, भट्टी गार केलीत ना?"

"भट्टी द्यायची नाही."

"अहो, शब्द दिला होतात तुम्ही!"

"दिला होता. मोडला."

"असं कसं? टेम्पो आणलाय मी."

"टेम्पो आणलास ते चुकलं माझ्यामुळे. ये, चहा घे," काकू म्हणाल्या. "मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. त्यानंतरही दात चुकला, तर आपण होऊन फोन करीन. तोवर फिरकू नकोस."

तो चहा न घेताच पायऱ्या उतरला, काका त्याच्या गोधड्या उचलू लागायला मागोमाग गेले. काकूंनी दार लोटलं आणि नवी पूड कालवायला घेतली.